घरी जोडलेला पीसी विकताना ‘विंडोज टाकून’ द्यायचं की नाही?

कॅबिनेट_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून घरीच पीसी असेम्बल करून विकतो. दुकान नाही, बोर्ड नाही, एकाच्या ओळखीनं दुसरं गिऱ्हाईक येतं. पार्ट कधी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणतो, कधी सिकंदराबादच्या सीटीसीतून. महिन्याला चार-पाच मशीन जातात, एकामागं दीड-दोन हजार सुटतात. घरच्या माळ्यावर टेबल टाकलंय, तेच माझं वर्कशॉप.

प्रत्येक गिऱ्हाईक एकच म्हणतं, “विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकूनच द्या.” मी देत आलो. एक पेनड्राईव्ह आहे, त्यात सगळं भरलेलं. अ‍ॅक्टिवेटर (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करणारा प्रोग्राम) चालवला की झालं. हे इथं लिहिताना हात अडखळतोय, पण खोटं सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आता होटगी रोडच्या एका सीए ऑफिसातून सहा मशीनची ऑर्डर आली. ते म्हणाले, बिलावर विंडोज वेगळं दाखवा, आम्हाला हिशोबात लागतं. त्या रात्री बिलबुक उघडून बसलो आणि पुढं लिहिताच येईना. काय लिहू? जे मी विकत घेतलेलंच नाही ते बिलावर कसं दाखवू?

मशीन मी जोडलं, पार्टची बिलं माझ्याकडे आहेत, तेवढं कळतं. पण त्यात सॉफ्टवेअर टाकून विकणं कायद्यात कुठं बसतं, आणि नीट करायचं तर कसं करायचं, हे सांगा.

नवीपेठ_जुना

बाळा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझं नवी पेठेत दुकान होतं, आता बंद केलंय. मी सुरुवात केली तेव्हा विंडोज ९८ ची सीडी असायची, मग एक्सपीची. एकच सीडी अख्ख्या पेठेत फिरायची. सीडीवर मार्करनं की, म्हणजे विंडोज चालू करायचा नंबर, लिहिलेली. चुकीचं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. गिऱ्हाईक पार्टची किंमत बघायचं, आतलं सगळं ‘फुकट’ असंच सगळे धरून चालायचे.

एक दिवस एक साधा माणूस आला. पीसी घेतला, रोख पैसे दिले, पक्कं बिल मागितलं. तो गेल्यावर मी चहा घेतला आणि विसरून गेलो. पंधरा-वीस दिवसांनी वकिलाची नोटीस. त्या मशीनमध्ये मी काय काय टाकलं होतं, कोणत्या तारखेला, कोणत्या बिलावर, सगळं त्यात लिहिलेलं. कंपनीचं नाव इथं सांगत नाही, गरजही नाही. तडजोड झाली, लेखी हमी दिली, लायसन्स विकत घेतली, पण त्या दोन महिन्यांत घरात नीट जेवण गेलं नाही. मुलीचं लग्न ठरत होतं, आणि व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय, हाच घोर लागलेला.

तुझं बिलबुक तिथंच अडलं, हे फार चांगलं झालं.

काळाकोट_सातरस्ता

मी वकिली करतो, मुख्यतः दिवाणी कामं. जमेल तेवढं सांगतो.

आपल्याकडे संगणकाच्या प्रोग्रामला कॉपीराइट कायदा, १९५७ खाली ‘साहित्यकृती’ धरतात. कादंबरी छापून विकायला जशी परवानगी लागते तशीच प्रोग्रामची प्रत करून विकायलाही लागते. कलम ६३ म्हणतं, जाणूनबुजून हक्कभंग करणारा किंवा त्याला मदत करणारा, दोघांनाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. यातला ‘मदत करणारा’ हा शब्द नीट वाचा. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कैदेची खालची मर्यादा एक वर्षावर जाते आणि दंडाची १ लाखावर.

कलम ६३ ब खास प्रोग्रामसाठी आहे. बेकायदा प्रत माहीत असून संगणकावर वापरली तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. म्हणजे तुमच्याकडून मशीन घेऊन वापरणाऱ्या माणसालाही तुम्ही या कलमात ओढता. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट विशेष कारण नोंदवून कैद माफ करू शकतं, पण सीए ऑफिसला ती सवलत कुठून मिळणार?

कलम ६४ प्रमाणे फौजदार किंवा वरचा अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करू शकतो. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२२ च्या निकालात स्पष्ट केलंय. त्याआधी यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते, तो वाद संपला.

आणि ही फक्त फौजदारी बाजू झाली. दिवाणी दावा वेगळा. विकायच्या पीसीत विंडोज परस्पर भरून देण्याला या खटल्यांत ‘हार्ड डिस्क लोडिंग’ म्हणतात. अशाच एका विक्रेत्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ साली १९ लाख ७५ हजारांची भरपाई मंजूर केली होती. तुमच्या पेनड्राईव्हवर जे आहे ते नेमकं हेच.

अ‍ॅक्टिवेटरबद्दल वेगळं सांगायला हवं. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ अ आलं. हक्काच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप हक्क मोडायच्या हेतूनं तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. क्रॅक, पॅच, केएमएस टूल, सगळी या कुलूप तोडण्याचीच हत्यारं.

कॅबिनेट_जुळेसोलापूर

वकीलसाहेब, वाचून पोटात गोळा आला. एक विचारू? गिऱ्हाईकाकडून लिहून घेतलं, की ‘माझ्या सांगण्यावरून टाकलं, जबाबदारी माझी’, तर?

काळाकोट_सातरस्ता

त्या कागदानं तुमचंच नुकसान होईल. तुम्हाला सगळं माहीत होतं, हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंत असा त्याचा अर्थ निघतो. ‘जाणूनबुजून’ सिद्ध करायला समोरच्या वकिलाला दुसरं काही शोधावंच लागणार नाही.

सर्व्हररूम

मी एका कारखान्यात सिस्टीम सांभाळतो. कायदा वकीलसाहेबांनी सांगितला, मी लायसन्सची रचना सांगतो. बहुतेक असेम्बलरांचा घोळ इथं होतो.

विंडोजची लायसन्स ढोबळमानानं तीन तऱ्हेची. रिटेल प्रत माणसाच्या मालकीची: जुन्या मशीनमधून काढून नव्यात टाकता येते, पण एका वेळी एकच मशीन. ओईएम (मशीन बनवणाऱ्याला मिळणारी) प्रत मशीनला बांधलेली: ती त्या मशीनबरोबर जगते आणि त्याच्याबरोबरच संपते. मदरबोर्ड बिघडून बदलला तर चालतं, पण हौसेनं नवा बोर्ड टाकलात तर ते नवं मशीन धरतात. तिसरी व्हॉल्यूम, कंपन्यांसाठीची. ती मुळात अपग्रेड असते, तिच्याखाली मूळ विंडोजचं लायसन्स असावंच लागतं.

तुमच्यासाठी ओईएममधली ‘सिस्टीम बिल्डर’ प्रत आहे. मशीन जोडून दुसऱ्याला विकणाऱ्यासाठीच ती काढलेली. तिच्या अटी पाळा: स्टिकर त्याच कॅबिनेटला चिकटवायचं, विंडोजसंबंधी तक्रार आली तर सपोर्ट तुम्ही द्यायचा (कंपनी ग्राहकाला तुमच्याकडेच पाठवणार), आणि लायसन्सच्या अटी ग्राहकानं स्वीकारायच्या, तुम्ही नाही.

ही शेवटची अट कुणी पाळत नाही म्हणून खोलात सांगतो. आपण काय करतो? इन्स्टॉल करताना स्वतःच ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबतो, ‘युजर’ नावाचं खातं उघडतो आणि मशीन देऊन टाकतो. बरोबर पद्धत अशी की इन्स्टॉल झाल्यावर पहिला देश-भाषा विचारणारा स्क्रीन आला की कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबायचं. मशीन ऑडिट मोडमध्ये, म्हणजे ग्राहकाला देण्याआधी तपासायच्या अवस्थेत जातं. तिथं ड्रायव्हर टाका, रॅम तपासा, रात्रभर लोड टेस्ट चालवा. काम झालं की सिसप्रेप (मशीन परत पहिल्या स्क्रीनवर आणणारं विंडोजमधलंच टूल) चालवून बंद करा. ग्राहक घरी नेऊन बटण दाबेल तेव्हा त्याला तोच पहिला स्क्रीन दिसेल आणि अटी तो स्वतः स्वीकारेल. एकदा सवय लागली की हे दहा मिनिटांचं काम आहे.

पार्कचौक_पोरगा

पण ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत की मिळते की राव. मी घेतली, अ‍ॅक्टिवेट पण झाली. ती टाकून दिली तर काय बिघडलं?

सर्व्हररूम

मित्रा, अ‍ॅक्टिवेट झालं म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. अशा कित्येक कीज कंपन्यांच्या व्हॉल्यूम करारातल्या किंवा डेव्हलपरांना चाचणीसाठी दिलेल्या असतात, त्या कुणीतरी सुट्या करून विकतो. विकायचा हक्क त्यालाच नाही, मग तो तुला काय देणार? आज चालली आणि सहा महिन्यांनी ब्लॉक झाली तर गिऱ्हाईक तुझ्या दारात उभं राहील. गड्ड्याच्या जत्रेत हरवलेलं पोर जसं दुसऱ्याच्या घरी ठेवून घेता येत नाही, तशी ती की. कुणाची आहे ते आधी बघावं लागतं.

आणि की न टाकता तसंच विकणं, कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिवेट विंडोज’ दिसतंय तसंच, तेही बरोबर नाही. डाउनलोड मोफत असलं तरी लायसन्स मोफत नाही.

जुने ब्रँडेड लॅपटॉप विकणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्या की मशीनच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमध्ये) घालून देतात. पुण्याच्या ऑफिसांतून निघालेला लॅपटॉप आला, तर वरची एंटरप्राइझ आवृत्ती त्या ऑफिसची, ती तुमच्याकडे येत नाही. पण पुसून मूळची होम किंवा प्रो टाकलीत की ती आपोआप जुळते. मात्र ते स्टिकर खरवडून असेम्बल मशीनला लावू नका, मी असं करताना लोक पाहिलेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याआधीच्या पिढ्यांची मशीन बाजारात स्वस्त येतायत. ती घेताना हा विचार करा.

मुक्तपेंग्विन

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा लिनक्स टाकून द्या ना! लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. मराठी इंटरफेस येतो, लिब्रेऑफिस आत असतं, व्हीएलसी मोफत टाकता येतं. सी-डॅकचं बॉस लिनक्ससुद्धा आहे, आपल्याच लोकांनी केलेलं. विकायलाही कुणाची ना नाही. लिनक्स ज्याखाली येतं ते जीपीएल लायसन्स पैसे घ्यायला स्पष्ट परवानगी देतं.

सर्व्हररूम

सहमत, पण अर्धवट सांगू नका, धागाकर्ता प्रामाणिकपणे विचारतोय. जीपीएलमध्येही अट आहे. मशीनमध्ये भरून विकलंत की तुम्ही वितरक झालात. मग सोर्स कोड (प्रोग्राम मुळात जसा लिहिला तो मजकूर) बरोबर द्यायचा, किंवा ‘मागाल तेव्हा देऊ’ अशी किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यायची. ‘नेटवर आहे, तिकडून घ्या’ ही सूट जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत विना-नफा वाटणाऱ्यालाच आहे, आणि लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, त्याच आवृत्तीखाली आहे. डेबियन सोर्सच्या इमेजेस वेगळ्या देते, त्या एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवल्या की झालं. उबंटूचं आणखी एक: जशीच्या तशी द्यायला हरकत नाही, पण वॉलपेपर-बिलपेपर बदलून, आपलं नाव घालून ‘उबंटू’ म्हणून विकायची तर परवानगी लागते, कारण ते नाव ट्रेडमार्क आहे.

मुक्तपेंग्विन

लेखी हमीचं मला खरंच माहीत नव्हतं. मी स्वतः तीन मशीन मिंट टाकून विकलीत. त्या तिघांना पत्र देतो.

लग्नपत्रिका_अशोकचौक

माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, हँडबिल, वाढदिवसाचे बॅनर. लिनक्सवाल्या दादांचं सगळं पटतं, पण माझं काम श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर चालतं, ती दोन्ही विंडोजवरची. प्रेसवाल्याला फाइल त्यातच हवी असते. नवी पेठेतल्या व्यापाऱ्याला तसंच टॅली हवं. आमच्यासारख्यांना ‘लिनक्स घ्या’ म्हणणं म्हणजे गिऱ्हाईक सोडा म्हणण्यासारखं आहे.

पण क्रॅकचं काय होतं ते मी भोगलंय. एका असेम्बलरनं मशीन देताना फोटोशॉप ‘टाकून’ दिलं. ऐन लग्नसराईत एका सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली, उघडेनात, आणि स्क्रीनवर पैशाची मागणी. मशीन तपासणाऱ्यानं सांगितलं, शिरकाव त्या क्रॅकमधूनच झाला. ४० पत्रिका परत बसून केल्या. दोन घरांच्या पत्रिका वेळेत गेल्या नाहीत, त्यांच्या आयांची तोंडं अजून आठवतात. त्या असेम्बलरनं वाईट हेतूनं केलं नव्हतं, त्याला वाटलं ताईची सोय झाली.

नंतर श्रीलिपी डोंगलसकट (लायसन्सची यूएसबी किल्ली) विकत घेतली. पैसे हप्त्याहप्त्यानं साठवले. फोटोचं बरंचसं काम आता गिम्पवर करते, शिकायला तीन महिने गेले. कॅबिनेट भाऊ, तुम्ही मशीन देताना आम्हाला आधीच सांगा ना, की हे इतक्याला पडेल आणि हे फुकट चालेल. आम्हाला कुणी सांगतच नाही हो. दुकानदार गृहीत धरतो की ताई पैसे देणार नाही.

कॅबिनेट_जुळेसोलापूर

ताई, मी पण तेच गृहीत धरत आलो. माफ करा.

टॅलीबद्दल एक सांगतो, शिकणारी पोरं विचारतात म्हणून. टॅलीचा एज्युकेशनल मोड मोफत आहे, त्यात १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी होतात. शिकायला तेवढं पुरतं. ते टाकून दिलेलं चालतं, आणि क्रॅक द्यायची गरज राहत नाही.

मागावरचा

इतका वेळ नुसता वाचत होतो. आता राहवेना.

आमचं घर तीन पिढ्या चादरीच्या धंद्यात. आजोबा मागावर, वडील डिझाइनला. वडील ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून नक्षी काढायचे, एकेका डिझाइनला कित्येक रात्री जायच्या. मग त्यावरून जेकार्डचे पत्ते ठोकायचे. आता मी तेच काम कॉम्प्युटरवर करतो.

आमची एखादी नक्षी बाजारात चालली की आठ-पंधरा दिवसांत शेजारच्या मागावर उतरते. वडिलांना मी एकदाच रडताना बघितलंय, ते तेव्हा. मोर आणि वेलीची एक किनार होती, त्यांनी दिवाळीआधी काढलेली. संक्रांतीच्या गड्ड्यात दुसऱ्याच्या स्टॉलवर तीच किनार, कमी धाग्याची, निम्म्या किमतीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरून आलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातोच. हे गाऱ्हाणं या गावात कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल.

आणि त्याच घरात, त्याच टेबलावर, माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर चार वर्षं क्रॅकचं होतं. डोंगलवालं महाग, म्हणून एका ओळखीच्यानं ‘करून’ दिलेलं. वडिलांनी एकदा सहज विचारलं, हे कितीला घेतलं रे? मी सांगितलं, फुकट. ते काही बोलले नाहीत. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला त्या दिवशी कळलं.

ते सॉफ्टवेअर लिहिणारा पण कुठंतरी रात्री जागून चौकोनच भरत असेल. आम्ही दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून लायसन्स घेतलं. परवडलं म्हणून घेतलं असं नाही, अजून फेडतोय.

नवीपेठ_जुना

मागावरचा, तुझं वाचून वडिलांना नमस्कार केला मनातल्या मनात.

काळाकोट_सातरस्ता

धागाकर्त्यासाठी राहिलेले दोन-तीन मुद्दे.

ग्राहकानं स्वतःच्या नावानं रिटेल प्रत विकत घेतली आणि तुम्ही फक्त बसवून दिली, मजुरी घेतली, तर त्यात काही गैर नाही. कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरायला आणि खराब होण्याच्या भीतीनं बॅकअप ठेवायला परवानगी आहे. पण तो बॅकअप त्याचा. तुमच्या पेनड्राईव्हवर ठेवून दहा जणांना वाटायचा नाही.

मोफत सॉफ्टवेअरचीही अट वाचत जा. ‘घरगुती वापरासाठी मोफत’ असलेले अँटीव्हायरस आणि रिमोट डेस्कटॉप ऑफिसच्या मशीनला चालत नाहीत. ऑफिसची होम अँड स्टुडंट २०२१ ही आवृत्ती स्वस्त दिसते, पण ती धंद्याच्या वापरासाठी नाही. सीएकडे ती देऊ नका.

जीएसटी: महाराष्ट्रात नुसत्या मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पण विजापूर किंवा गुलबर्ग्याला मशीन विकलंत की ते आंतरराज्य झालं, मग नोंदणी लागते. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नका.

कॅबिनेट_जुळेसोलापूर

मंडळी, कळवतो.

काल पेनड्राईव्ह फॉर्मॅट केला. सीए साहेबांकडे गेलो आणि सरळ सांगितलं, की सहा मशीन जोडून देतो, विंडोज ११ प्रोच्या सिस्टीम बिल्डर प्रती डीलरकडून बिलानं आणतो, ऑफिसच्या जागी चार मशीनवर लिब्रेऑफिस चालेल का बघा, दोघांना एक्सेलच हवं असेल तर बिझनेसची प्रत तुम्ही तुमच्या नावानं घ्या. किंमत बरीच वाढली. मला वाटलं ऑर्डर गेली. त्यांनी हिशोब केला, दोन मशीन कमी केली आणि म्हणाले, चार पाठवा, बाकीची मार्चनंतर बघू. म्हणजे नफा कमी झाला, हे खरं आहे.

जुन्या गिऱ्हाइकांचं काय, हा प्रश्न उरतोच. वहीत ६० च्या वर नावं आहेत. रोज दोन-तीन जणांना फोन करायला लागलोय. तिघांनी मिंट टाकायला होकार दिला, एकानं विंडोज विकत घेतलं, एकजण माझ्यावरच ओरडला की तूच टाकलंस, आता पैसे कशाचे? त्याचं चूक नाही. त्याचं मशीन मी मजुरी न घेता करून देणार.

बिलावर असं लिहू का, बघा:

‘असेम्बल डेस्कटॉप, नग ४. विंडोज ११ प्रो, सिस्टीम बिल्डर प्रत, नग ४. लिब्रेऑफिस, मोफत. सॉफ्टवेअरसंबंधी सर्व जबाबदारी ग्राहकाची राहील.’

काळाकोट_सातरस्ता

शेवटची ओळ काढा. विंडोजचा सपोर्ट तुमच्यावर आहे हे अटीतच लिहिलंय, मग जबाबदारी ग्राहकाची कशी? आणि ‘नग ४’ एकत्र लिहू नका. प्रत्येक कॅबिनेटचा सिरीयल नंबर आणि त्याच्यासमोर त्याच्या विंडोजच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक, अशा चार ओळी करा. अ‍ॅक्टिवेशन की मात्र बिलावर लिहायची नाही. डीलरच्या बिलाची प्रत स्वतःकडे जपून ठेवा.

कॅबिनेट_जुळेसोलापूर

ओळ काढली. चार ओळी केल्या. मशीन ऑडिट मोडमध्ये रात्रभर चालू ठेवलीत, सकाळी सिसप्रेप करून रिक्षात घालतो.